हरलेल्या संघाला काय मिळतं?

समजा, दारव्ह्याचा कबड्डी संघ गाडी करून वणीला स्पर्धेला गेला आणि पहिलाच सामना हरला. 40 मिनिटांत खेळ संपला, आता घरी चला! बाद पद्धतीत 8 संघांचे 7 सामने होतात आणि निम्मे संघ एकदाच खेळतात. साखळीत तेच संघ 28 सामने खेळतात. प्रत्येकाच्या वाट्याला 7.

आता इंग्लंडमधलं रग्बी युनियन बघा. तिथे क्लबांची देशव्यापी साखळी 1987 साली सुरू झाली. खालच्या श्रेणींत हौशी संघ प्रदेशानुसार वाटलेले असतात, म्हणजे प्रवास कमी. वरचे संघ बढती मिळवतात, तळाचे खाली जातात. त्यामुळे जोड बऱ्यापैकी तुल्यबळ राहते. विजयाला 4 गुण, बरोबरीला 2. पण 7 किंवा कमी गुणांनी हरलात, तरी 1 गुण मिळतो. म्हणून मागे पडलेला संघही शेवटपर्यंत झुंजतो. आपल्या प्रो कबड्डीतही अनेक हंगाम असाच नियम होता.

कच्चा संघ सुधारतो तो खेळूनच. तेव्हा आपल्या तालुक्यांत स्पर्धा भरवताना मोठ्या बक्षिसातले थोडे पैसे गाडीभाड्याला वळवले तर? विचार करून बघा.