एक किलोमीटरची अट

महाराष्ट्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी शिक्षणहक्काच्या नियमांत एक दुरुस्ती केली. शासकीय वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर त्या परिसरातील खासगी विनाअनुदानित शाळेवर वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी पंचवीस टक्के जागा राखण्याचे बंधन राहणार नाही, असे तीत म्हटले होते. वरवर पाहता ही अट निरुपद्रवी वाटते. परंतु शहरांतून अशी शाळा जवळ नसलेली वस्ती शोधूनच काढावी लागेल. संसदेने २००९ साली दिलेला हक्क नियमातील एका वाक्याने जवळजवळ निकालात निघाला.

या दुरुस्तीमागील युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. राखीव जागेवरील मुलाची फी शासनाने भरावयाची असते. शासनाचा दरडोई खर्च किंवा शाळेची फी, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी. शेजारच्या शाळेवर खर्च होतच असताना पुन्हा हा भार कशासाठी, असे शासनाला वाटणे समजण्यासारखे आहे. संस्थाचालकही थकलेल्या रकमांबद्दल तक्रार करीत आले आहेत.

तथापि, येथे एक गोष्ट नजरेआड होते. ऐपत असलेल्या पालकाला किलोमीटर मोजावे लागत नाहीत. घराशेजारी नगरपालिकेची शाळा असली, तरी तो आपल्या मुलाला हव्या त्या शाळेत धाडतो. अंतराची अट पडते ती केवळ मोलकरणीच्या आणि हमालाच्या मुलावर. निवडीचे स्वातंत्र्य पैशाने मिळावे आणि निर्धनाला फक्त जवळची शाळा मिळावी, याला काटकसर म्हणता येणार नाही. शिवाय, निरनिराळ्या थरांतील मुलांनी एका बाकावर बसावे, हाही या तरतुदीचा हेतू होता. रयतेच्या पैशावर वरिष्ठ वर्गांचे शिक्षण पोसले जाते, अशी तक्रार महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. तिची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी दुरुस्तीला स्थगिती दिली आणि १९ जुलैला ती रद्द केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. न्याय मिळाला, पण जूनमध्ये शाळा भरल्या तेव्हा या मुलांचे प्रवेश अडकून पडले होते. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातील ते आठवडे कोणता निकाल परत देणार?

हक्क वाचला, तरी तो आठवीपर्यंतच पुरतो. नववीत त्याच शाळेची पूर्ण फी समोर उभी राहते. म्हणून शासनाने प्रतिपूर्तीची रक्कम वेळेवर द्यावी, हक्काची मर्यादा दहावीपर्यंत वाढवावी आणि आपल्या शाळा अशा कराव्यात की, पालकांनी त्या आपखुशीने निवडाव्यात. जवळची शाळा चांगली असेल, तर तिच्याकडे मुले वळविण्यासाठी नियमाची गरज पडणार नाही.