गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाळणी तपासणी : उस्मानाबाद जिल्ह्यातील संशोधन आणि नियंत्रण गटाचा प्रश्न

गर्भाशयमुखाचा कर्करोग एका बाबतीत इतर अनेक कर्करोगांहून वेगळा आहे. ह्यूमन पॅपिलोमा या विषाणूचा, म्हणजेच एचपीव्हीचा, दीर्घकाळ टिकलेला संसर्ग आणि प्रत्यक्ष कर्करोग यांमध्ये साधारणपणे दहा किंवा त्याहून अधिक वर्षांचा काळ जातो. या काळात पेशींमधील विकृती ओळखता येते व साध्या उपचाराने दूरही करता येते. विषाणू व हा रोग यांचा संबंध उलगडणारे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कारण ज्ञात, पूर्वावस्था दीर्घ, उपचार सोपा. तरीही ग्रामीण भारतातील स्त्री रुग्णालयात पोहोचते ती बहुधा रोग पसरल्यावर. ही दरी कोणत्या तपासणीने भरून निघेल, याचे उत्तर शोधणाऱ्या महाराष्ट्रातील एका संशोधनाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

टाटा मेमोरियल केंद्र, बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यात हे काम सुरू केले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात समाविष्ट होत्या. गावांचे ५२ समूह करून ते यादृच्छिक पद्धतीने चार गटांत विभागले गेले. एका गटात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप म्हणून ओळखली जाणारी पेशीतपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेले निरीक्षण, तर चौथा नियंत्रण गट. चौथ्या गटास आरोग्यशिक्षण व उपलब्ध सेवांची माहिती देण्यात आली, तपासणी नाही. उर्वरित गटांत प्रत्येक स्त्रीची तपासणी एकदाच व्हायची होती, आणि बोलावलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के स्त्रिया आल्या. ग्रामीण भागातील अशा नाजूक तपासणीसाठी हा प्रतिसाद लहान नव्हे.

निष्कर्ष २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात विषाणू-चाचणी गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. नियंत्रण गटातील ३१,४८८ पैकी ६४. म्हणजे ढोबळमानाने हजारी एक आणि हजारी दोन. कर्करोगाचे एकूण निदान मात्र दोन्हीकडे जवळपास सारखे होते, १२७ व ११८. फरक होता तो अवस्थेत. दुसऱ्या किंवा पुढच्या अवस्थेतील रुग्ण एकीकडे ३९, तर दुसरीकडे ८२. केवळ रुग्णसंख्या पाहणाऱ्यास चाचणी निष्फळ वाटली असती, हे संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखे उदाहरण आहे. चाचणीत विषाणू न आढळलेल्या स्त्रियांमध्ये त्या काळात या कर्करोगाने एकही मृत्यू झाला नाही.

पेशीतपासणी व डोळ्यांनी केलेले निरीक्षण या दोन गटांत मृत्युदरातील घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरली नाही. येथे सावधगिरी हवी. या दोन्ही पद्धतींची भिस्त पुनरावृत्तीवर असते, आणि येथे तपासणी एकदाच झाली. तमिळनाडूतील दिंडिगुल येथे एकाच फेरीतील निरीक्षणाने मृत्युदर ३५ टक्के घटल्याचे २००७ मध्ये दिसले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये दोन-दोन वर्षांनी चार फेऱ्या झाल्या व २०१४ च्या अहवालानुसार घट ३१ टक्के होती. पाहणाऱ्याचे प्रशिक्षण आणि त्यावरील देखरेख यांवर ही पद्धत फार अवलंबून असल्यामुळे ठिकाणागणिक असा फरक पडणे अनपेक्षित नाही.

परंतु या संशोधनाचा खरा अवघड भाग आकड्यांत नाही. नियंत्रण गटातील ६४ मृत्यूंचे काय? पेशीतपासणीमुळे पाश्चात्त्य देशांत हा रोग ओसरल्याचे १९९९ पूर्वीच ठाऊक होते. मग हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून मृत्यू मोजणे कितपत नैतिक, असा आक्षेप अमेरिकी रोगनिदानतज्ज्ञ एरिक सुबा यांनी २०१४ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये मांडला. त्यांचा रोख दिंडिगुल, मुंबई व उस्मानाबाद अशा तिन्ही प्रयोगांवर होता. संशोधकांच्या बाजूने असे सांगण्यात आले की देशात संघटित तपासणी कार्यक्रमच नव्हता, त्यामुळे नियंत्रण गटास जे मिळाले तीच तेथील प्रचलित सेवा होती. शिवाय पाश्चात्त्य पुरावा निरीक्षणात्मक होता, यादृच्छिक प्रयोगाचा नव्हे.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण ती सारख्या वजनाची नाहीत. कोणती पद्धत अधिक चांगली, हे तीन गटांची आपसांत तुलना करूनही कळले असते. तपासणी न करण्यापेक्षा ती किती बरी, हे मात्र नियंत्रण गटाविना कळले नसते, आणि खर्चाचा निर्णय घेणाऱ्या शासनास नेमके तेच हवे असते. म्हणजे समर्थनाचा सारा आधार पुढील अंमलबजावणीवर येऊन ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये विषाणू-चाचणीस प्राधान्य दिले. भारत शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र ३० ते ६५ वयोगटासाठी दर पाच वर्षांनी ॲसिटिक आम्लाचे निरीक्षण सुचवले होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण १.९ टक्के आढळले.