कीटकदंशाची खाज : घरी काय करावे, काय टाळावे

पावसाळा सुरू झाला की आसामातील चहाच्या मळ्यापासून कोकणातील अंगणापर्यंत घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : अंगावर गांधी उठल्या आहेत आणि खाज थांबत नाही. डासाची मादी रक्त शोषताना तिच्या लाळेतील प्रथिने आपल्या त्वचेत उतरतात. त्यांचा प्रतिकार करताना शरीर हिस्टामिन हे द्रव्य सोडते. त्यामुळे त्वचा लाल होते, सुजते व खाजू लागते. म्हणजे ही खाज आपल्याच शरीराच्या प्रतिक्रियेची खूण होय. म्हणूनच एकाच अंथरुणावर निजलेल्या दोघांपैकी एकाच्या अंगावर मोठ्या गांधी उठतात, तर दुसऱ्याला काही जाणवतही नाही.

दंशाची जागा प्रथम साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी. त्यानंतर गार पाण्यात भिजवून पिळलेले फडके सुमारे १० मिनिटे तेथे ठेवावे. बर्फ असल्यास तो कापडात गुंडाळूनच वापरावा. नसल्यास माठातील पाणी पुरेसे आहे. गारव्याने सूज उतरते आणि खाजेची संवेदना मंदावते. हा उपाय इतका साधा आहे की तो उपाय वाटतच नाही. तरीही पहिला मान त्याचाच.

खाज उरल्यास खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी कालवून केलेला लेप १० मिनिटे लावून धुऊन टाकावा. कातडी सोलली असल्यास मात्र लावू नये. कोरफडीचा ताजा गर शीतल असतो. पान कापल्यावर गळणारा पिवळसर चीक स्वतःच त्वचेला झोंबतो, म्हणून तो निथळू द्यावा व केवळ पारदर्शक गर घ्यावा. कोणताही लेप आधी हाताच्या आतील बाजूस थोडासा लावून पाहणे शहाणपणाचे. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने स्नान करण्याची प्रथा अनेक घरांत आहे. त्यास हरकत नाही, परंतु पाणी कढत नसावे, कारण कढत पाण्याने त्वचा कोरडी पडून खाज वाढते. औषधाच्या दुकानात मिळणारे कॅलामाइन लोशन घरगुती नसले तरी स्वस्त व उपयुक्त आहे.

चुना, टूथपेस्ट, रॉकेल, तंबाखू किंवा शेण दंशावर लावू नये. त्यांनी त्वचा भाजते अथवा जखमेत जंतू शिरतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचेवर फोड येऊन काळे डाग पडू शकतात. खोबरेल तेलात कापूर घालून चोळण्याची सवयही सर्वत्र आढळते. तान्ह्या व लहान मुलांच्या बाबतीत ती सोडावी. कापूर पोटात गेल्यास मुलाला झटके येऊ शकतात, आणि मूल बोटे तोंडात घालतेच.

मुलांची नखे कापलेली ठेवावीत, ही सूचना किरकोळ समजू नये. खाजवून सोललेल्या जागी नखांतील जंतू शिरतात, पू होतो, खरूपड धरते. अशा काही जंतुसंसर्गांनंतर मूत्रपिंडालाही सूज येऊ शकते. लाली पसरत असेल, जागा गरम व दुखरी झाली असेल किंवा पू दिसत असेल, तर घरगुती लेप थांबवून आरोग्य केंद्रात जावे.

मधमाशीचा काटा त्वचेत राहिल्यास तो विलंब न लावता काढावा. कशाने काढावा या विचारात वेळ दवडू नये. पावसाळ्यात रात्री दिव्याभोवती येणारा, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा बारीक लांबट किडा अंगावर बसल्यास तो चिरडू नये, फुंकर मारून उडवावा. तो चावत नाही. चिरडल्यावर निघणाऱ्या द्रवाने त्वचेवर भाजल्यासारखा पट्टा उठतो.

दंशानंतर ओठ, जीभ वा घसा सुजला, श्वास लागला, सर्वांगावर पित्त उठले किंवा भोवळ आली, तर कोणताही उपाय करीत न बसता ११२ किंवा १०८ वर दूरध्वनी करून रुग्णालय गाठावे. विंचूदंशासाठीही थेट रुग्णालयातच जावे. हे पत्रक त्यासाठी नाही.

खाज शमली तरी पुढील दोन-तीन आठवडे ताप येतो का, याकडे लक्ष असू द्यावे. ताप आल्यास हिवताप व डेंग्यूसाठी रक्ततपासणी करून घ्यावी. डेंग्यूची शक्यता असताना अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. शेतात, गवतात वा झुडपांत वावर झाला असल्यास काख, जांघ, कंबर व स्तनांखालील त्वचा पाहावी. तेथे न खाजणारी, न दुखणारी, सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली आढळल्यास ती स्क्रब टायफसची खूण असू शकते. हा रोग सूक्ष्म माइटच्या अळीच्या दंशाने होतो, आणि तो दंश बहुधा जाणवतही नाही. वेळेवर औषध मिळाल्यास रुग्ण बरा होतो. उशीर जिवावर बेतू शकतो. ती खपली लाजेने लपवू नये, डॉक्टरांना आवर्जून दाखवावी.