नैराश्याच्या गोळ्या थांबवताना

“डॉक्टर, आता बरं वाटतंय. गोळ्या बंद केल्या तर चालतील ना?” असे विचारणारा रुग्ण शहाणाच म्हणायचा. पुष्कळजण विचारतच नाहीत. थोडे बरे वाटू लागते, घरातले कोणीतरी “मेंदूच्या गोळ्या फार दिवस घेऊ नयेत, सवय लागते” असे सांगते आणि गोळ्या कपाटात जातात. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी चक्कर, मळमळ आणि विनाकारण येणारे रडू घेऊन मंडळी दवाखान्यात हजर होतात.

या त्रासाबद्दल आपल्याकडे दोन समज पक्के आहेत. त्रास झाला म्हणजे व्यसन लागले, हा एक. त्रास झाला म्हणजे आजार उलटला, हा दुसरा. पहिल्या समजापायी गरज असलेला माणूस गोळ्या सोडतो, तर दुसऱ्यापायी गरज संपलेला माणूस वर्षानुवर्षे घेत राहतो. दोन्ही नुकसानच.

नेमके घडते काय? एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन ही यातली नेहमीची औषधे. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी रसायने वापरतात, त्यांपैकी सिरोटोनिन हे एक. गोळीमुळे ते पेशींच्या मधल्या जागेत जास्त वेळ टिकते. महिनोन्‌महिने असे चालले की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. गोळी एकाएकी काढून घेतली तर ही जुळवणी मोडून नवी बसवायला त्याला वेळ लागतो. बराच वेळ झोपाळ्यावर बसून खाली उतरले की क्षणभर जमीन हलल्यासारखी वाटते, तसाच हा प्रकार. फक्त क्षणाऐवजी दिवस किंवा आठवडे लागतात. व्यसनात तलफ येते, मात्रा आपोआप वाढत जाते. एस्सिटॅलोप्रामसाठी कोणी बायकोचे मंगळसूत्र गहाण टाकल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

लक्षणे तऱ्हेतऱ्हेची असतात. चक्कर, तोल जाणे, मळमळ, डोकेदुखी, घाम, फ्लूसारखी अंगदुखी, झोपमोड, विचित्र आणि अगदी खरी वाटणारी स्वप्ने, चिडचिड, बेचैनी. एक लक्षण मात्र खास याच त्रासाचे. मान किंवा डोळे झटकन वळवले की डोक्यातून विजेची चमक गेल्यासारखे वाटते. माणूस घाबरतो, अर्धांगवायूचा झटका येणार असे समजून थेट डोक्याचा सी.टी. स्कॅन करून येतो. ही चमक त्रासदायक असली तरी मेंदूला इजा करीत नाही. आपण नुकतीच कोणती गोळी थांबवली, एवढे सांगितले तरी तो खर्च बहुधा वाचेल. पण तोंड वाकडे होणे, हातापायातले बळ जाणे, बोबडे बोलणे यांपैकी काही असेल तर गोळ्यांवर न ढकलता तातडीने इस्पितळ गाठावे.

हा त्रास सर्वांना होत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात जो आढावा आला, त्यात औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना काही ना काही लक्षणे दिसली. गंमत म्हणजे, औषधाचा अंशही नसलेली दिखाऊ गोळी थांबवणाऱ्यांतही हे प्रमाण १७ टक्के होते! म्हणजे खऱ्या अर्थाने औषध थांबवल्यामुळे त्रास होतो तो दर सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास साधारण ३५ जणांत एकाला. मात्र त्यातले बरेच रुग्ण काही आठवडे किंवा महिनेच औषध घेतलेले होते. पाच-दहा वर्षे घेणाऱ्यांनी यावरून फार निर्धास्त होऊ नये.

औषधाची जातही महत्त्वाची. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांचा त्रास जास्त. व्हेन्लाफॅक्सिनची एखादी मात्रा चुकली तरी काहींना संध्याकाळी जाणवते. फ्लुओक्सेटिन आठवडेच्या आठवडे रेंगाळते, त्यामुळे ते सोडणे त्यातल्या त्यात सोपे. आणखी एक गोष्ट. ड्युलोक्सेटिन मधुमेहींना पायांच्या आगीसाठी देतात, अमिट्रिप्टिलिन अर्धशिशीसाठी देतात. ‘मला कुठे नैराश्य आहे?’ म्हणून हे रुग्ण बेफिकीर असतात. एकदम थांबवल्यास त्रास त्यांनाही होऊ शकतो.

आता, आजार उलटला की औषध सोडल्याचा त्रास, हे कसे ओळखावे? सोडल्याचा त्रास बहुधा दोन-चार दिवसांत सुरू होतो, त्यात पूर्वी कधीच नसलेली शारीरिक लक्षणे असतात, तो लाटांसारखा कमी-जास्त होतो, आणि गोळी पुन्हा सुरू केली की साधारणपणे एक ते तीन दिवसांत विरतो. आजार उलटतो तो सावकाश, बऱ्याचदा आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. जुनीच ओळखीची लक्षणे परत येतात: कशात मन न लागणे, पहाटे जाग येणे, जगण्याचा कंटाळा. माझ्याकडच्या एका बाईंनी गोळ्या सोडल्यावर आठवडाभर चक्कर आणि रडू सोसले आणि “मी जन्माची वेडी” असे ठरवून टाकले. मनावर पूर्वीचे मळभ नव्हते, भूक होती, नातवाचे कौतुक होते. आजार नव्हता तो. गोळी पूर्ववत सुरू करून पुढे पाच महिन्यांत हळूहळू बंद केली, तेव्हा विशेष काही झाले नाही.

थांबवण्याची वेळ आली आहे का, हेही पाहावे लागते. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर पूर्ण बरे वाटू लागल्यावर किमान सहा महिने औषध चालू ठेवतात. आजार वारंवार येत असेल तर दोन वर्षे किंवा अधिक. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ औषध घेऊन बरे असलेल्या रुग्णांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना वर्षभरात आजार उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. थांबवलेले ४४ टक्के वर्षभर बरे राहिले, हेही त्यातच आले.

कमी करण्याची रीत गेल्या काही वर्षांत बदलली आहे. पूर्वी दहाची गोळी पाचवर आणायची आणि मग बंद, असे चाले. २०१९ मध्ये लंडनच्या होरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी यातली मेख दाखवून दिली. आळणी वरणात पडलेली पहिली चिमूटभर मीठ चवीत केवढा फरक करते, नंतरच्या चिमटीने तेवढा होत नाही. औषधाचेही असेच. लहान मात्रासुद्धा मेंदूवर बराच परिणाम करते, म्हणून शेवटची पायरी दिसायला छोटी असली तरी खरी उडी तीच. तेव्हा सुरुवातीचे टप्पे थोडे मोठे चालतील, शेवटचे मात्र लहान हवेत. दोन टप्प्यांत दोन ते चार आठवडे जाऊ द्यावेत. बरीच वर्षे औषध घेतले असेल तर सगळे मिळून कित्येक महिने लागतील. ‘एक दिवस आड’ घेण्याची युक्ती करू नये. रक्तातले प्रमाण वर-खाली होऊन तोच त्रास होतो. नावापुढे एस.आर., ई.आर., सी.आर. अशी अक्षरे असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नये, चघळू तर मुळीच नये.

आपल्याकडे एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात. क्लोनाझेपाम हे झोपेच्या जातीतले औषध, त्याची सवय खरोखर लागते आणि रोज घेणाऱ्याने एकदम सोडल्यास फिटसुद्धा येऊ शकते. आपल्या पाकिटावर ही दोन नावे आहेत का, हे आजच पाहून घ्यावे.

औषध कमी करायला काळही बरा निवडावा. पेरणीची घाई, मुलीचे लग्न, मुलाची बारावी अशा वेळी नको. घरच्यांना आधी कल्पना द्यावी, म्हणजे चिडचिडीचा अर्थ त्यांना कळतो. चक्कर असेल तोवर मोटारसायकल चालवू नये, अंथरुणातून सावकाश उठावे, दुपारनंतर चहा टाळावा, दारू अजिबात नको. रोज काय वाटले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन शब्दांत लिहावे. त्रास सोसवेना तर डॉक्टरांना विचारून मागच्या मात्रेवर जावे आणि तिथे थोडे थांबावे. यात हार-जीत नाही. दिवस गेल्याचे कळताच घाबरून गोळ्या टाकून देणाऱ्या मुलींनीही आधी डॉक्टरांना भेटावे.

जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येणे, किंवा दोन-तीन रात्री झोप नसताना अंगात भलताच उत्साह आणि अखंड बडबड, असे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णाला डॉक्टरकडे न्यावे आणि एकटे सोडू नये. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, विनामूल्य चालतो आणि मराठीतही बोलता येते.

आणि दवाखान्यात येताना जुनी चिठ्ठी व गोळ्यांचे पाकीट बरोबर आणावे. ‘ती छोटी पांढरी गोळी’ एवढ्या वर्णनावरून औषध ओळखणे आम्हाला जमत नाही.