विश्लेषण : बायपास रस्ते का रखडतात आणि का खचतात?

गावातली कोंडी सुटावी म्हणून बायपास मंजूर होतो. भूमिपूजन होते, भराव पडतो आणि काम थांबते. दोष भूसंपादनाला किंवा ठेकेदाराला दिला जातो. ती कारणे खरी असतातच. पण अनेकदा आणखी एक अडचण जमिनीच्या पोटात दडलेली असते.

बायपासच्या वाट्याला मऊ जमीन का येते?
जुनी गावे सहसा उंचवट्यावर, घट्ट जमिनीवर वसली. पाणी साचणारे पट्टे भातखाचरे, खाजणे म्हणून मोकळे राहिले. घरे कमी पाडावी लागावीत म्हणून बायपासची आखणी नेमकी या मोकळ्या पट्ट्यांतून होते. तिथे घरे वाचतात, पण रस्ता उभा करणे कठीण होते.

भराव खचतो म्हणजे काय होते?
गाळाच्या चिकणमातीत पाणी अडकलेले असते. भरावाचे वजन पडले की ते हळूहळू बाहेर पडते आणि थर दबतो. अभियंते कार्ल तेर्झागी यांनी १९२०च्या दशकात मांडलेल्या सिद्धांतानुसार थराची जाडी दुप्पट झाली, तर दबण्याचा काळ चौपट होतो. ५ मीटरच्या थराला १ वर्ष लागत असेल, तर तशाच १० मीटरच्या थराला ४ वर्षे लागतात. भराव घाईने चढवला, तर पाण्याचा दाब वाढतो, मातीची ताकद कमी पडते आणि भराव कडेला सरकतो.

याची उदाहरणे कोणती?
कोकणातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पुढे केरळमध्ये जातो. तिथे मलप्पुरम जिल्ह्यातील कूरियाड येथे १९ मे २०२५ रोजी या महामार्गाचा उंच भराव कोसळला. तो भाग बायपास नव्हता, पण रस्ता भातशेतीतूनच नेलेला होता. खालच्या मातीला भरावाचे वजन पेलले नाही, असे महामार्ग प्राधिकरणाच्या प्राथमिक पाहणीत आढळले.

डोंगरात प्रश्न वेगळा असतो. उत्तराखंडमधील जोशीमठ जुन्या दरडींच्या राडारोड्यावर वसले आहे. तिथे अवजड बांधकाम टाळावे, असा इशारा मिश्रा समितीने १९७६ मध्येच दिला होता. जानेवारी २०२३ मध्ये शेकडो घरांना तडे गेल्यावर प्रशासनाने हेलंग–मारवाडी बायपासचे काम थांबवले.

उपाय आहेत का?
आहेत. मातीत उभ्या निचरापट्ट्या घालून पाण्याची वाट जवळ करता येते. काही महिने जादा भराव ठेवून जमीन आधीच दाबून घेता येते. दगडी खडीचे खांब भरता येतात किंवा भराव टाळून खांबांवर रस्ता नेता येतो. मात्र त्यासाठी आखणी ठरवतानाच पुरेसे बोअर घेऊन माती तपासावी लागते. काम सुरू झाल्यावर मऊ थर सापडला, तर आराखडा, खर्च आणि मंजुरी सगळेच नव्याने करावे लागते.

नागरिकांनी काय विचारावे?
बायपासची जनसुनावणी किंवा ग्रामसभा झाली, तर मोबदल्याबरोबर तीन प्रश्न विचारावेत. बोअर किती घेतले? मऊ थर किती खोल आहे? भराव दबण्यासाठी वेळापत्रकात किती महिने ठेवले आहेत? तिसऱ्याचे उत्तर ‘शून्य’ असेल आणि जमीन मऊ असेल, तर हा वेळ वाचत नाही. तो उद्घाटनानंतर दुरुस्तीत जातो आणि तोवर गाड्या पुन्हा गावातून धावतात.