फडावरच्या आयाबहिणींची सुरक्षितता : सभासदांची जबाबदारी



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, हुमणी आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी लिहितो. आज विषय वेगळा आहे. तो चारचौघांत काढायला माणूस कचरतो, म्हणूनच तो येथे मांडत आहोत. स्त्रियांवर होणारे लैंगिक अत्याचार, ते टाळण्याचे उपाय आणि ज्या बाईवर असा प्रसंग आला तिला आधार कसा द्यावा, हा तो विषय.

हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर, जळगावकडच्या टोळ्या आपल्या भागात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पहाटे चारला उठते, भाकऱ्या थापते, फडात मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढविते आणि रात्री कोपीवर येऊन पुन्हा चूल पेटविते. कोपीला दार नाही, अड्ड्यावर दिवा नाही, संडास नाही. आडोशाला जायचे तर अंधारात उसातच. आंबेगाव-जुन्नरच्या उसात बिबट्या असतो हे आपण सारे जाणतो. बिबट्या दिसला की गावभर फोन जातात, बॅटऱ्या निघतात, कोणी एकटे फिरत नाही. माणसाच्या भीतीसाठी मात्र अशी धावपळ होत नाही, आणि बाई ती भीती कोणाला सांगतही नाही.

का सांगत नाही, हे समजून घेतले पाहिजे. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते. तक्रार केली तर टोळी हाकलली जाईल, हिशोबात पैसे कापले जातील, नवराच संशय घेईल, गावाकडे पोरीचे लग्न मोडेल, अशी ही भीती असते. अत्याचार करणारा बहुधा हे सारे ओळखूनच वागतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदींत दरवर्षी दिसते की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो : नातेवाईक, शेजारी, कामावरचा माणूस. तेव्हा हा प्रश्न फक्त बाहेरून आलेल्या मजुरांचा, असे कोणी समजू नये. आपल्या वस्तीवरच्या, एस.टी.ने कॉलेजला जाणाऱ्या मुलींचाही तो आहे.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातलेच एक प्रकरण साऱ्या देशाला शिकवून गेले. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे, मजुरी करून पोट भरणाऱ्या एका पोरक्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. वय अवघे १४ ते १६. (पीडितेचे नाव छापू नये असा कायदा आहे, म्हणून आम्ही ते देत नाही.) १९७४ साली सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. १९७६ साली उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत आणि तिने आरडाओरडा केला नाही! ठाण्याचे दार आतून बंद, समोर पोलीस, तेथे त्या पोरीने ओरडून कोणाला बोलवायचे होते?

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. १९८० साली मुंबईसह ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्यातून १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारात संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि बाईने 'माझी संमती नव्हती' असे न्यायालयात सांगितले, तर न्यायालय ते धरून चालते. पुढे २०१३ साली कायद्यात स्पष्टच घातले गेले की प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे ठरत नाही. भीतीने माणूस थिजतो. गप्प राहणे म्हणजे कबूल होणे नव्हे.

हा कायदा मजूर बाईलाही लागू आहे. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कंत्राटी व रोजंदारीच्या बाईलाही संरक्षण देतो. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती हवी. जेथे ती नाही किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तेथे जिल्ह्याची स्थानिक समिती आहे आणि तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. मुदत तीन महिन्यांची, योग्य कारण असल्यास आणखी तीन महिने. मूल १८ वर्षांखालील असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा लागतो, आणि माहिती असून पोलिसांना न कळविणे हाही गुन्हा ठरतो.

प्रसंग घडलाच तर काय करावे?

१. आधी तिचे ऐका. 'तू तिकडे कशाला गेलीस' हा प्रश्न विचारू नका.
२. तिला लवकरात लवकर दवाखान्यात न्या. गर्भधारणा व एच.आय.व्ही. टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली. शक्यतो अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. पण केले असले तरी जावेच. सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही दवाखान्याने तिच्यावर मोफत उपचार करावेत असा कायदा आहे. तपासणी तिच्या संमतीनेच.
३. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, मग हद्द कोणतीही असो. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. बीडच्या बाईने मंचरला फिर्याद दिली तर ती नोंदवावीच लागते.
४. फोन : ११२ पोलीस, १८१ महिला, १०९८ मुलांसाठी, १५१०० मोफत कायदा सल्ला. मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्याचीही सोय आहे.
५. गावात बैठक बसवून 'मिटवून' टाकू नका. बलात्काराचा गुन्हा आपसात मिटत नाही. त्याच माणसाशी लग्न लावून देणे म्हणजे जन्माची शिक्षा तिलाच देणे.

मुकादम, चिटबॉय, गाडीवान आणि आम्ही शेतकी विभागाची माणसे, सारेच यात आलो. परंतु टोळी ज्या रानात उतरते त्या सभासदाच्या हातात पुष्कळ आहे. कोपीजवळ एक दिवा द्यावा. पाणी लांबून आणावे लागू नये. आपल्या वस्तीवरचा संडास बायकांना वापरू द्यावा. लहान मुली दिवसभर कोपीवर एकट्या राहणार नाहीत, हे पाहावे. शाळा व अंगणवाडी जवळ असते. घरच्या बाईने एकदा अड्ड्यावर जाऊन चार शब्द बोलावेत आणि आपला फोन नंबर द्यावा. बाई बाईला सांगते. आणि आपल्या पोरांना घरात सांगावे की मजुराची बायको-लेक ही थट्टेची वस्तू नाही.

हुमणी मुळाशी लागते, वर पाला हिरवा दिसतो, आणि कळते तेव्हा बेट हातात उपटून येते. याही बाबतीत वरचा हिरवेपणा पाहून निर्धास्त राहू नये. अब्रू गुन्हा करणाराची जाते, सोसणारीची नाही, एवढे प्रत्येक वस्तीवर बोलले जाऊ लागले तरी पुष्कळ बायांचे तोंड उघडेल.

येत्या हंगामात टोळी रानात उतरेल त्या दिवशी, तोडीची तारीख विचारण्याआधी, अड्ड्यावर दिवा लागला आहे की नाही ते पाहावे, ही सर्व सभासदांस नम्र विनंती.