बसलेल्या माणसाचं माप

सेमिस्टर संपली, सबमिशनच्या फाइली कशाबशा सह्या होऊन परत आल्या आणि हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर सध्या एकच विषय चालू आहे. सुट्टीत कुठे जायचं? कुणी म्हणतं तारकर्ली, कुणी म्हणतं महाबळेश्वर, आणि गोव्याचं तुणतुणं तर फर्स्ट इयरपासून वाजतंयच! ठिकाण ठरलं की पुढचा प्रश्न येतो: घालायचं काय?

आपल्याला हा प्रश्न मजेचा वाटतो. पण आपल्याच वर्गातला एखादा मित्र व्हीलचेअर वापरत असेल, एखादीच्या पायात कॅलिपर असेल, कुणाचा एक हात चालत नसेल किंवा कुणाला दिसत नसेल, तर त्यांच्यासाठी हाच प्रश्न "जायचं की नाही" इथपर्यंत जाऊ शकतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. म्हणजे हा विषय कुणा दूरच्या माणसाचा नाही.

ड्रॉइंग कुणाचं काढलंय?

फर्स्ट इयरला ईडीच्या शीटवर आपण फ्रंट व्ह्यू आणि टॉप व्ह्यू काढून काढून थकलो, आठवतंय ना? दुकानातल्या प्रत्येक पॅंटचंही असंच एक ड्रॉइंग असतं, आणि ते उभ्या राहिलेल्या, दोन्ही हात चालणाऱ्या माणसाचं असतं.

आता स्वतःवर एक प्रयोग करून बघा. जीन्स घालून खुर्चीत बसा. मागे कंबर खाली सरकते, पुढे पोटावर कापड गोळा होतं, आणि खाली मोहरी वर चढून मोजे दिसायला लागतात. कारण सोपं आहे. बसल्यावर कमरेपासून आसनापर्यंतचं मागचं अंतर वाढतं आणि पुढचं कमी होतं. आपण तासाभराने उठतो म्हणून आपल्याला काही वाटत नाही. पण जो दिवसभर बसूनच असतो, त्याची पॅंट दिवसभर चुकीचीच असते!

माझा मामेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, मणक्याला मार लागल्यापासून व्हीलचेअर वापरतो. त्याच्या पॅंटसाठी आमच्या टेलरकाकांनी त्याला बसवूनच माप घेतलं. मागची बाजू उंच, पुढची कमी, लांबी दोनेक इंच जास्त, गुडघ्याला थोडा घेर. कमरेला पुढे साधी पट्टी आणि मागे नेफ्यात इलॅस्टिक. (नेफा म्हणजे नाडी ओवायची जागा. कॉन्व्हेंटमध्ये हा शब्द कुणी शिकवला नव्हता, तो काकांकडूनच कळला.) समोरून बघाल तर एकदम फॉर्मल ट्राउझर. यात नवीन शोध काहीच नाही, फक्त माप बसलेल्या माणसाचं आहे.

मागचा खिसा

आता थोडं फिजिक्स. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. जीन्सच्या मागच्या खिशाची जाड शिवण किंवा तांब्याचं रिव्हेट यांचं क्षेत्रफळ किती? जवळजवळ काहीच नाही. त्यावर शरीराचं वजन आलं की त्या ठिकाणी दाब प्रचंड वाढतो, कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि तिथलं रक्त थांबतं. आपल्याला टोचतं म्हणून आपण हलतो. ज्याला कमरेखाली संवेदनाच नाही त्याला ते कळत नाही, आणि सहा तासांच्या प्रवासानंतर तिथे जखम होऊ शकते. ही जखम भरायला कधी कधी काही महिने लागतात.

म्हणून व्हीलचेअरवाल्यांच्या पॅंटला मागे खिसा नको, रिव्हेट नको, जाड शिवण नको. खिसे मांडीवर द्या, मोबाईलही हाताशी राहतो. आणि कपडे कितीही चांगले असले तरी दर पंधरा ते तीस मिनिटांनी वजन हलवावं लागतं, हे गाडीतल्या मित्रांनीही लक्षात ठेवावं.

कापडाचंही तसंच. "सुती घाला" असं सगळेच सांगतात. पण सुती धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. कोकणातल्या दमट हवेत घामाने भिजलेली सुती पॅंट वाळतच नाही, आणि सीटवर दाबलेल्या भागाला तर वाराच लागत नाही. ओली कातडी लवकर फाटते. तेव्हा अंगात पातळ सुती शर्ट आणि खाली लवकर वाळणारं मिश्र कापड, ही जोडी बरी पडते. शिवाय एक जादा पॅंट वरच्या बॅगेत, म्हणजे चटकन काढता येईल अशी.

मज्जारज्जूला मानेत किंवा पाठीच्या वरच्या भागात इजा झाली असेल तर खालच्या अंगाला नीट घामही येत नाही, त्यामुळे शरीर तापतं. अशा मित्रासाठी टोपी, फिका सैल शर्ट आणि पाण्याची फवारणीची बाटली घ्यायलाच हवी. घट्ट पट्टा किंवा घट्ट मोजेसुद्धा चालत नाहीत, कारण अशा लोकांचं ब्लडप्रेशर त्याने एकदम वाढू शकतं.

पाणी न पिणारे प्रवासी

आता जरा अवघड विषय. प्रवासाला निघताना दिव्यांग माणसं आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात. मुली तर जास्तच. हायवेवर वापरता येईल असं टॉयलेट मिळेल की नाही याची खात्री नसते, आणि मिळालं तरी कपडे सोडायला, सावरायला वेळ लागतो, गाडीतले बाकीचे खोळंबतात. मग "मला नको, तहान नाही" असं सांगायचं. उन्हात पाणी न पिणं म्हणजे मूत्रमार्गाच्या इन्फेक्शनला आमंत्रण.

इथे कपडा खरंच मदत करू शकतो. पॅंटची झिप थेट आसनापर्यंत खाली घ्यायची. दोन्ही बाजूंच्या शिवणीत लांब झिप लावली की पुढचा भाग पूर्ण उघडतो. लघवीची पिशवी पायाला बांधलेली असेल तर घोट्याजवळ आतल्या शिवणीत छोटी झिप, म्हणजे पॅंट न काढता पिशवी रिकामी करता येते. मुलींसाठी मागून एकावर एक येणारा रॅपअराउंड स्कर्ट उत्तम. बसल्या जागी तो दोन्हीकडे सरकवता येतो आणि दिसतोही छान. टॉयलेटला दहा मिनिटं कमी लागली की माणूस निवांत पाणी पितो. एका झिपचं मोल यापेक्षा काय सांगू!

पाय, कॅलिपर आणि चपला

लांब कॅलिपरला गुडघ्याजवळ लोखंडी कड्या असतात. उभं राहिलं की त्या खाली सरकून गुडघा लॉक होतो, बसताना त्या हाताने वर ओढाव्या लागतात. वर टाइट जीन्स असेल तर कडी ओढणार कशी? म्हणून गुडघ्याला घेर हवा, आतल्या शिवणीला मोहरीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत झिप किंवा टिचबटणं हवीत. सांध्याच्या लोखंडाने घासून कापड फाटतं, तिथे आतून अस्तराचा तुकडा लावून घ्यावा.

कृत्रिम पायाची गंमत वेगळी आहे. आपण पॅंट घालताना पावलाचा चवडा खाली वाकवतो, कृत्रिम पाऊल तसं वाकत नाही. त्यामुळे अरुंद मोहरी त्यावरून जातच नाही. सोपी युक्ती म्हणजे पाय काढलेला असतानाच त्याला पॅंट आणि बूट चढवायचे आणि मग पाय बसवायचा. दुसरी गोष्ट टाचेची. पाऊल ठराविक उंचीच्या टाचेसाठी जुळवलेलं असतं. ट्रिपसाठी म्हणून वेगळ्या टाचेचे नवे बूट घेतले की सगळं अलाइनमेंट बदलतं आणि गुडघ्याचा तोल जातो. नवे बूट घ्या, पण टाच तेवढीच ठेवा. १९६८ साली डॉ. प्र. क. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी केलेला जयपूर फूट आपल्याकडे इतका चालला, त्याचं एक कारण हेच. तो अनवाणी चालता येईल, मांडी घालून बसता येईल, अशा बेताने केलेला होता. म्हणजे डिझाइन करताना त्यांनी इथला माणूस बघितला होता.

पायाला संवेदना नसेल तर तापलेल्या वाळूत अनवाणी अजिबात नको, भाजलेलं कळत नाही. साधी चप्पल निसटते, तेव्हा मागे पट्टा असलेले सॅंडल घ्यावेत. बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा नाही ना, हे बघावं. दिवसभर बसून पाय सुजतात म्हणून माप जरा सैलच बरं.

एका हाताने

एक हात अधू असेल तर नियम असा: घालताना अधू हात आधी, काढताना शेवटी. शर्टाच्या मनगटावरचं बटण इलॅस्टिकच्या धाग्याने शिवलं तर ते न उघडता हात आत-बाहेर जातो. झिपला की-चेनची रिंग अडकवली की ओढायला सोपी. बटणांच्या जागी वेल्क्रो लावून वरून नुसती दिखाऊ बटणं शिवता येतात. वेल्क्रोची कल्पना स्विस इंजिनिअर जॉर्ज द मेस्त्राल यांना १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांना चिकटलेल्या काटेरी बोंडांवरून सुचली होती, हे तुम्ही क्विझमध्ये ऐकलं असेलच. फक्त समुद्रावर वेल्क्रोत वाळू भरते आणि ते धरत नाही, तिथे टिचबटण चांगलं. चुंबकाची बटणंही मिळतात, पण छातीत पेसमेकर असेल तर ती वापरू नयेत.

दोन्ही हात वर होत नसतील तर? आपलं लहानपणीचं झबलं आठवा! मागून उघडं, पुढून अख्खं. तसाच कुर्ता मागे एकावर एक येणाऱ्या दोन पाळ्यांचा शिवला की बसल्या बसल्या घालता येतो, आणि पुढून कुणाला कळतही नाही. अंगरखा, बाराबंदी, लुंगी हे सगळे आपलेच कपडे. डोक्यातून किंवा पायातून न चढवता गुंडाळायचे. फक्त बंदांच्या गाठी मारायला दोन हात लागतात, तिथे टिचबटण लावलं की झालं.

स्टाइलचं काय?

सोय म्हटली की घरचे लोक गडद रंगाचा ट्रॅकसूट आणून देतात. मळत नाही, चढवायला सोपा. पण ट्रिपचे फोटो येतात तेव्हा सगळे रंगीबेरंगी आणि एकटाच माणूस हॉस्पिटलमधून आल्यासारखा! वीस वर्षांच्या मुलाला ते कसं वाटत असेल?

बसलेल्या माणसाचा वरचा अर्धा भागच आधी दिसतो. म्हणून डिझाइन कॉलर, खांदे आणि छाती इथे हवं. शर्ट मांडीपर्यंत संपणारा असावा, वर आखूड बंडी किंवा नेहरू जाकीट झकास दिसतं. कुर्ता लांब हवाच असेल तर बाजूचे कट उंच ठेवा. पदर आणि ओढणी मात्र नीट पिन केलेली हवी, चाकात गेली तर गळ्याला फास बसतो. सैल लांब बाह्याही चाकात अडकतात. पावसाळी ट्रिपला लांब रेनकोटऐवजी पोंचो घ्यावा, पुढे गुडघे झाकणारा आणि मागे आखूड.

न दिसणाऱ्या मैत्रिणीलाही मॅचिंग हवं असतं बरं का! कपड्याच्या आत लेबलजवळ दोऱ्याच्या गाठी मारता येतात: एक गाठ पांढऱ्याला, दोन निळ्याला, तीन लाल. मोज्यांची जोडी पिनेने एकत्र. प्रत्येक दिवसाचा सेट वेगळ्या पिशवीत. तिने रंग विचारला तर रंग सांगावा. "तुला काय करायचंय, चांगला दिसतोय" हे उत्तर नव्हे. कुणी कानाचं मशीन वापरत असेल तर शर्टाला चेनचा एक खिसा असू द्या, पाण्यात उतरताना मशीन डबीत घालून तिथे ठेवता येतं.

परदेशात हा विचार बराच जुना आहे. न्यूयॉर्कमध्ये १९५० च्या दशकात हेलन कुकमन या डिझायनरने असे कपडे केले होते. २०१५ मध्ये नायकेने एका हाताने उघडता येणारे बूट आणले, २०१६ मध्ये टॉमी हिलफिगरने मुलांसाठी असे कपडे काढले. आपल्या २०१६ च्या कायद्यातही सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंना सरकारने प्रोत्साहन द्यावं असं म्हटलेलं आहे. पण मॉलमध्ये ते येईपर्यंत थांबायची गरज नाही. वर सांगितलेली बहुतेक कामं कोपऱ्यावरचा टेलर करू शकतो.

तेव्हा मित्रहो, ट्रिपची यादी करताना "तो येणार नाही बहुतेक" असं परस्पर ठरवू नका. आधी विचारा, काय लागेल तेही त्यालाच विचारा, आणि रंग त्यालाच निवडू द्या. रेक्टर सर आणि टूर नेणाऱ्या सरांना विनंती, की टॉयलेटचे थांबे आधीच ठरवा आणि प्रत्येक थांब्याला दहा मिनिटं जास्त धरा. बाकी शिवणकामाला चार-पाच दिवस लागतात आणि गेटसमोरचे टेलरकाका दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवतात. त्याआधी जाऊन या!